साडी गार्ड, विंडजॅमर आणि दोन बोल्ट

मागच्या शनिवारी नाना पेठेत गेलो होतो. पुण्यात ज्यांच्याकडे बाइक आहे त्यांना नाना पेठ सांगायला नको. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी: दुचाकीला लागणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू तिथे कुठल्या ना कुठल्या दुकानात टांगलेली असते. आरसे, सीट कव्हर, लेग गार्ड, हँडल, कर्कश हॉर्न, त्याहून कर्कश सायलेन्सर... मी मात्र अगदीच अन-कूल वस्तू मागायला गेलो होतो.

"काका, साडी गार्ड आहे का?"

काकांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. माझ्या वयाची पोरं साडी गार्ड काढून टाकायला येतात, लावायला कमीच.

ते का, हे आधी सांगतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना बाबांनी मला बाइक घेऊन दिली. पहिल्याच आठवड्यात मी काय केलं असेल, तर डाव्या बाजूचा साडी गार्ड आणि त्याखालचं लेडीज फूटरेस्ट काढलं. दोन बोल्ट, दहा मिनिटं, खर्च शून्य. गाडी मागून एकदम स्पोर्टी दिसायला लागली. गार्ड माळ्यावर गेला आणि मी तो विसरलो. चार-पाच महिन्यांनी एका लग्नाला आईला डबलसीट घेऊन निघालो. घरापासून दुसऱ्याच स्पीडब्रेकरला पदर मागच्या चाकात गेला. वेग फार तर पंधराचा असेल, म्हणून निभावलं. तरी आई खाली पडली, मनगट मोडलं आणि सहा आठवडे प्लॅस्टर. आई मला एका शब्दाने बोलली नाही. बाबा मात्र हॉस्पिटलमधून खाली आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच विचारलं, "गार्ड कुठे गेला रे?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी आजतागायत दिलेलं नाही. पण "तो गार्ड तिथे आला कुठून" हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे आणि गेले काही वीकेंड त्याच्याच मागे होतो. त्यातून बाइकच्या ॲक्सेसरीजचा जो छोटासा इतिहास हाती लागला, तो आज लिहून काढतोय.

सुरुवात सीटपासून करू. जुन्या मोटरसायकलींना मागे सस्पेन्शनच नसायचं. मागचं चाक थेट फ्रेमला बसवलेलं. रस्त्याचा प्रत्येक धक्का बसणाऱ्याच्या कण्यापर्यंत जाऊ नये म्हणून सीटखाली दोन जाडजूड स्प्रिंगा. जुन्या फोटोंत दिसणारी ती सायकलसारखी सीट शोभेची नव्हती, सस्पेन्शनचं अर्धं काम तीच करायची. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये रॉयल एन्फिल्डची बुलेट मागे स्विंगआर्म आणि दोन शॉकअप घेऊन आली. हीच बुलेट १९५५ पासून मद्रासला बनायला लागली. तिकडे अमेरिकेत हार्लेने पुढे टेलिस्कोपिक फोर्क दिला १९४९ मध्ये आणि मागे शॉकअप द्यायला १९५८ उजाडलं! म्हणजे नऊ वर्षं गाडीच्या पुढच्या चाकाला आराम होता, मागे बसणाऱ्याला नव्हता. मागचा माणूस शेवटी, ही मोटरसायकलच्या इतिहासातली जुनी सवय दिसते.

गंमत म्हणजे २००९ मध्ये रॉयल एन्फिल्डने 'क्लासिक' बाजारात आणली ती पुन्हा त्याच स्प्रिंगवाल्या सीटसकट. आता मागे शॉकअप होते, स्प्रिंगांची गरज नव्हती, पण दिसायला छान. एकेकाळची गरज साठ वर्षांनी फॅशन म्हणून परत आली. असो.

आता साडी गार्ड. आपल्याकडे स्कूटर-मोटरसायकली आल्या त्या इटली, इंग्लंड, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड, जपान अशा ठिकाणच्या डिझाइनवर. राजदूत पोलिश, जावा चेक, १९८५ ची हीरो होंडा सीडी १०० जपानी. त्या इंजिनिअर मंडळींनी डोळ्यांसमोर धरलेला मागचा माणूस दोन्हीकडे पाय टाकून बसणारा आणि पँट घालणारा. साडी नेसून, एका बाजूला पाय सोडून, एका हाताने पोराला आणि दुसऱ्या हाताने पिशवीला धरून बसणारी बाई त्यांच्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये नव्हतीच. आपल्या आया-आज्या मात्र तशाच बसणार होत्या. मग मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला जाळी आली, पाय ठेवायला आडवी पट्टी आली, धरायला कडी आली. यातली एकही वस्तू गाडीचा वेग वाढवत नाही की ॲव्हरेज. ती फक्त एका माणसाला गाडीवर नीट बसू देते.

आणि पुढे हे सगळं कायद्यात आलं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम हेच सांगतो: मागे बसायची सोय असलेल्या मोटरसायकलला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवं आणि मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निदान अर्धं मागचं चाक झाकणारं संरक्षण हवं. मी दहा मिनिटांत काढून फेकलेली पट्टी आणि जाळी म्हणजे देशाच्या नियमपुस्तकातलं अख्खं वाक्य होतं!

हे वाचल्यावर मला वाटलं होतं की हा खास भारतीय मामला असेल. पण असंच प्रकरण अमेरिकेत, वेगळ्याच गरजेपोटी घडून गेलंय.

तिकडचा प्रश्न साडीचा नव्हता, वाऱ्याचा होता. लांबच लांब सरळ हायवे, तासन्‌तास एकाच वेगाने जायचं. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठला जेवढा रेटा छातीवर बसतो, त्याच्या चौपट एकशे वीसला बसतो. त्या रेट्याविरुद्ध हँडलला लटकून दिवसभर गाडी चालवायची म्हणजे मान, खांदे, मनगटं सगळं कामाला लागतं. आणि गाड्या मिळायच्या त्या बहुतेक उघड्याच.

इलिनॉय राज्यातल्या रँटूल गावी क्रेग व्हेटर नावाचा एक डिझायनर होता. १९६६ पासून तो मोटरसायकलला पुढे लावायचे फेअरिंग बनवत होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने 'विंडजॅमर' आणलं. त्यातली माझ्या मते सगळ्यात हुशार गोष्ट काचेची नव्हती, ब्रॅकेटची होती. फेअरिंग एकच, पण प्रत्येक गाडीच्या फ्रेमप्रमाणे ब्रॅकेट वेगळं. आपल्या भाषेत सांगायचं तर कोड एकच आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मला वेगळा ॲडॅप्टर. त्यामुळे होंडा असो, कावासाकी असो की बीएमडब्ल्यू, विंडजॅमर बसायचंच. धंदा तुफान वाढला. १९७८ मध्ये व्हेटरने कंपनी विकली.

याच काळात, ऑक्टोबर १९७४ मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात होंडाने गोल्डविंग दाखवली. ९९९ सीसी, आडवं चार सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं इंजिन, चेनऐवजी शाफ्ट. मशीन म्हणून जबरदस्त, पण पुढे काच नाही, मागे डिकी नाही. अमेरिकन लोकांनी ती घेतली आणि घरी नेऊन काय केलं? पुढे विंडजॅमर, मागे बॅगा, वर ट्रंक. होंडाने गाडी बनवली होती एक आणि गिऱ्हाइकांनी तिची दुसरीच गाडी करून टाकली. होंडाला कळायला पाच-सहा वर्षं लागली. १९८० मध्ये गोल्डविंगचं 'इंटरस्टेट' मॉडेल आलं ते फेअरिंग, बॅगा आणि ट्रंक थेट फॅक्टरीतूनच घेऊन. (बीएमडब्ल्यूने १९७६ मध्येच आर १०० आरएस ला विंड टनेलमध्ये घडवलेलं पूर्ण फेअरिंग दिलं होतं, हेही सांगायला हवं.) आज गोल्डविंग म्हटलं की सोफ्यासारखी बाइक डोळ्यांसमोर येते. तो सोफा आधी गिऱ्हाइकांनी आपापल्या गॅरेजमध्ये बनवलेला आहे.

ओपन सोर्सवाल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. कुणीतरी स्वतःच्या गरजेपोटी पॅच लिहितो, तो शेजारचे वापरायला लागतात, आणि बऱ्याच वर्षांनी मूळ प्रोजेक्टवाले "बरं, घेतो आत" म्हणतात.

आपल्याकडचं ताजं उदाहरण लडाखचं. पुण्या-मुंबईची पोरं बुलेट आणि पल्सर घेऊन लडाखला जायला लागली, तेव्हा सामान बांधायला गाडीवर जागाच नसायची. मग कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जायचं, लोखंडी पाइप वाकवून कॅरियर वेल्ड करून घ्यायचं, बाजूला पेट्रोलचा कॅन अडकवायला चौकट. वेल्डिंग खारदुंगला चढताना तुटलं की तिथे दोरी. २०१६ मध्ये रॉयल एन्फिल्डची हिमालयन आली. तिला मागे रॅक, पुढे टाकीच्या दोन्ही बाजूंना रॅक, पुढे काच, सगळं कंपनीकडूनच. कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला जे वर्षानुवर्षं करत होता, ते ब्रोशरमध्ये छापून आलं.

अर्थात नाना पेठेत टांगलेली प्रत्येक वस्तू म्हणजे काही पॅच नाही. फटाके फोडणारा सायलेन्सर कुणाच्या पाठीला आराम देतो? वायरिंगला न झेपणारा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि आपला हार्नेस जाळतो. कायदाही इथे कडक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकातल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. त्यामुळे इंजिन, फ्रेम, सायलेन्सर यांना हात लावायचा नाही हा माझा साधा नियम.

मग स्वस्तात काय करता येतं? मी काय केलं ते सांगतो, उतरत्या नाही तर चढत्या खर्चाने :)

पहिलं, फुकटातलं. क्लच-ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवले, म्हणजे हात आणि मनगट एका रेषेत आले. मागच्या शॉकअपचा प्रीलोड डबलसीटसाठी दोन खाचा वाढवला. टायरमधली हवा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे ठेवायला लागलो. अर्धी पाठदुखी इथेच गेली. दुसरं, हँडलच्या टोकाला जरा जड वजनं. वजन वाढलं की थरथर कमी होते आणि हाताला मुंग्या येत नाहीत. तिसरं, सीट. सीटवाल्याकडून आतला मऊ फोम काढून घट्ट फोम भरून घेतला. मऊ सीट दुकानात छान वाटते, पण तासाभराने फोम दबतो आणि आपण खालच्या पत्र्यावर बसतो. चौथं, पुढे छोटी काच. पुणे-कोल्हापूरला तिचा फरक कळतो.

आणि पाचवं म्हणजे साडी गार्ड आणि लेडीज फूटरेस्ट. हिशोब केला तर सगळ्यात स्वस्त खरेदी हीच निघाली.

ऑफिसात जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसते. कॉमेंट नाही, कारण कळत नाही, काढून टाकली तरी सगळ्या टेस्ट पास होतात. पहिल्या नोकरीत मी अशा ओळी बिनधास्त उडवायचो. आता आधी ती कुणी, कधी, कुठल्या तक्रारीनंतर टाकली ते शोधतो. ही सवय मला कुठल्याही सीनियरने लावलेली नाही. आईच्या प्लॅस्टरने लावली.

काकांनी गार्ड बसवून दिला. जुना माळ्यावर सापडला होता, पण गंजून गेलेला, आणि तो त्या जुन्या गाडीचा. या गाडीला बसला नसताच.

रविवारी सकाळी आईला म्हटलं, "चल, मंडईत सोडतो." त्या पडण्यानंतर ती माझ्या मागे बसायची नाही. कधी पाठ दुखतेय, कधी रिक्षाच बरी, असं काहीतरी कारण असायचं. मी गाडी स्टँडवर लावली होती. ती खाली आली, डावीकडे वाकली, गार्ड हाताने धरून दोनदा हलवून पाहिला. मग पदर पुढे घेऊन कमरेला खोचला आणि म्हणाली, "हळू चालव पण."

मंडईपर्यंत तिसाच्या वर गेलो नाही.