बी. डी. डी. चाळी : घर आणि वस्ती

मजुराला घर बांधून दिले म्हणजे त्याला वस्ती मिळाली, असे म्हणता येईल काय? मुंबईच्या बी. डी. डी. चाळींचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचाच इतिहास होय.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रोगट वस्त्या पाडल्या. परंतु पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे फार हळू उभी राहिली. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत शिरली आणि तेथील दाटी वाढली. पहिल्या महायुद्धानंतर ही स्थिती असह्य झाली. तेव्हा १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते निर्माण केले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला आणि त्याच्या खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर १ रुपया कर बसवण्यात आला.

प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या : वरळीस १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडवर ३२ आणि शिवडीस १२. चार मजले, मधून बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. नळ आणि शौचकूप सामाईक. बांधकाम काँक्रीटचे व भक्कम होते. तथापि मजूर तेथे येईनात. भाडे त्यांच्या मिळकतीस पेलणारे नव्हते, आणि वरळी तर गिरण्यांपासून व बाजारापासून दूर पडत असे. कितीतरी खोल्या रिकाम्या राहिल्या. पुढे कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या काही चाळींचा सरकारने तात्पुरता तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेल्या घरांत सत्याग्रही कैदी राहिले!

पुढे चाळी भरल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार, दलित समाजातील श्रमिक, पोलीस व सरकारी नोकर तेथे राहू लागले. खाते जे देऊ शकले नव्हते, ते या रहिवाशांनी आपल्या हाताने निर्माण केले. एका खोलीत दहा माणसे नांदत, म्हणून बोळ हाच दिवाणखाना झाला. तेथेच मुले अभ्यास करीत, आजारी शेजाऱ्याची वास्तपुस्त होई आणि गावाहून नवा आलेला पाहुणा पथारी टाकी. व्यायामशाळा, भजनी मंडळे, गणेशोत्सव आणि आंबेडकर जयंती यांनी चाळींना आकार दिला. वरळीचे जांबोरी मैदान सभांनी आणि खेळांनी गजबजले. डिलाइल रोडला पुढे ना. म. जोशी यांचे नाव देण्यात आले, हेही उचितच झाले. कारण १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापून त्यांनी वाचनालये आणि रात्रीचे वर्ग कामगारांच्या दारी नेले होते. छपराइतकीच या सेवांचीही मजुराला गरज असते, हे त्यांनी ओळखले होते.

काँक्रीट जीर्ण झाले, तेव्हा पुनर्विकासाचा निर्णय झाला. एप्रिल २०१७ मध्ये जांबोरी मैदानावर भूमिपूजन झाले. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील काम म्हाडाकडे आले. पात्र कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने, मोफत मिळावे आणि उरलेल्या जागेवरील विक्रीच्या इमारतींतून त्याचा खर्च निघावा, अशी ही योजना आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना पहिल्या किल्ल्या मिळाल्या. पिढ्यान्‌पिढ्या सामाईक नळावर रांग लावणाऱ्या गृहिणीला घरात स्वतःचे न्हाणीघर मिळणे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

तरीही जुना प्रश्न संपत नाही. उंच इमारतीत लिफ्ट, पंप आणि देखभाल यांचा खर्च येतो. १९२० च्या दशकात भाडे पेलले नाही म्हणून खोल्या ओस पडल्या. आता देखभालीचा खर्च पेलला नाही, तर घर मिळालेला माणूसच ते सोडून जाईल. बोळ गेला, तर त्याचे काम करणारी जागा कोठेतरी हवी : अभ्यासिका, दवाखाना, पाळणाघर, म्हाताऱ्यांना बसण्याचा ओटा. खोल्यांची संख्या मोजणे सोपे असते. पहिल्या वेळी सरकारने तेवढेच मोजले, आणि उरलेले काम रहिवाशांना करावे लागले. या वेळी ते काम आराखड्यातच झाले, तर शंभर वर्षांचा हा धडा वाया गेला नाही, असे म्हणता येईल.