घुबडाच्या मेंदूतला आवाजाचा नकाशा

वर्गात सहज करता येईल असा एक प्रयोग आधी सांगतो. सुमारे एक मीटर लांबीची रबरी नळी घ्या आणि तिच्या बरोबर मध्यावर शाईने खूण करा. एका विद्यार्थ्याला नळीची दोन टोके दोन कानांशी धरायला सांगा. नळी पाठीमागे लोंबू द्या. आता त्याच्या मागे उभे राहून पेन्सिलीने नळीवर हलकेच टिचकी मारा. खुणेपासून एक सेंटिमीटर उजवीकडे टिचकी मारली, तरी थोड्या सरावानंतर मुले ‘उजवीकडे’ असे बिनचूक सांगतात. या वेळी डाव्या कानाकडे जाणाऱ्या आवाजाला दोन सेंटिमीटर अधिक अंतर कापावे लागते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर दोन कानांतील वेळेचा फरक येतो सुमारे ६० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे एक लाख भाग केले तर त्यांतील फक्त सहा! चेतापेशीतून जाणारा एक विद्युत-स्पंदसुद्धा सुमारे एक मिलिसेकंद, म्हणजे याच्या कितीतरी पट अधिक काळ टिकतो. मग एवढा सूक्ष्म फरक मेंदू ओळखतो कसा?

यातील भौतिकीचा भाग लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली बराचसा उलगडला होता. खालच्या पट्टीतील आवाजाची दिशा दोन कानांना तो मागेपुढे पोचण्यावरून कळते. वरच्या पट्टीतील आवाजाला डोके आड येते, त्यामुळे पलीकडच्या कानाला तो क्षीण ऐकू येतो. मेंदूच्या आत काय घडते, हे मात्र कोडेच राहिले.

त्याचे एक उत्तर १९४८ साली टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉइड जेफ्रेस यांनी सुचवले, तेही निव्वळ कागदावर. पुण्याहून आणि मुंबईहून सारख्याच वेगाने येणाऱ्या दोन गाड्यांची गाठ कोठे पडली, एवढे कळले की आधी कोण निघाले ते घड्याळ न बघता सांगता येते. जेफ्रेस यांची कल्पना अशीच होती. चेतापेशींची एक रांग आहे. उजव्या कानाचा संदेश तिच्यात उजवीकडून शिरतो, डाव्याचा डावीकडून. ज्या पेशीपाशी दोन्ही संदेश एकाच क्षणी पोचतात, ती पेशी उत्तेजित होते. आवाज उजवीकडून आला, की गाठ पडते डाव्या टोकाकडे. वेळेचा फरक असा जागेच्या फरकात बदलतो. कल्पना सुंदर होती. पण अशी रांग कोणी पाहिलेली नव्हती.

ती सापडली घुबडात. आपल्याकडेही आढळणारे, पांढुरक्या चेहऱ्याचे गव्हाणी घुबड मिट्ट काळोखात उंदीर पकडते. रॉजर पेन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे प्रयोगाने दाखवले. अंधाऱ्या खोलीत पाचोळ्यावरून उंदराऐवजी कागदाचा बोळा ओढला, तर घुबडाने त्या बोळ्यावरच झडप घातली. म्हणजे वास नाही, उष्णता नाही. भरवसा फक्त आवाजावर. एका कानात बोळा घातला की त्याचा नेम चुके.

पुढे कॅलिफोर्नियात मासाकाझू कोनिशी आणि एरिक नुडसेन यांनी गुंगी दिलेल्या घुबडाच्या डोक्याभोवती ध्वनिक्षेपक फिरवून मध्यमेंदूतील एकेका पेशीचे स्पंद टिपले. १९७८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : प्रत्येक पेशी अवकाशातील एका लहानशा भागातून आलेल्या आवाजालाच प्रतिसाद देते आणि शेजारच्या पेशी शेजारचे भाग सांभाळतात. मेंदूत आवाजाचा चक्क नकाशा! आम्हांला यात विलक्षण वाटते ते हे. डोळ्याच्या पडद्यावर जगाचे चित्र आयतेच उमटते. पण आतल्या कानात जागा ठरते ती स्वराच्या उंचीनुसार, दिशेनुसार नव्हे. कानात नसलेला नकाशा मेंदूने हिशेब करून तयार केलेला असतो. आणि १९९० साली कॅथरीन कार व कोनिशी यांनी सविस्तर दाखवले, की घुबडाच्या मेंदूच्या देठात दोन बाजूंनी शिरणारे तंतू खरोखरच आहेत. जेफ्रेस यांची कागदावरची रांग बेचाळीस वर्षांनी प्रत्यक्षात उतरली.

नुडसेन यांनी नंतर घुबडाच्या पिलांना दृश्य २३ अंशांनी सरकवणारे लोलक चष्म्यासारखे लावले. काही आठवड्यांत मध्यमेंदूतला आवाजाचा नकाशाही त्याच दिशेने सरकला. कानांत काही बिघाड नव्हता, तरी मेंदूने डोळ्यांचे म्हणणे मानले!

येथवरची कथा इतकी गोळीबंद आहे, की जेफ्रेस यांची आकृती अनेक पुस्तकांत सरळ माणसाच्या डोक्याच्या चित्रात काढलेली दिसते. आम्हीही व्याख्यानांत ती तशीच दाखवत आलो, आणि ही चूकच होती. डेव्हिड मॅकअल्पाइन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली गिनीपिगच्या मध्यमेंदूत पाहिले, तर कित्येक पेशींचा सर्वांत जोरदार प्रतिसाद अशा वेळफरकाला होता, जो त्या प्राण्याच्या लहानशा डोक्यामुळे कधी पडूच शकत नाही. नकाशासाठी असल्या पेशी काय कामाच्या? पण डाव्या आणि उजव्या अर्ध्या मेंदूतील एकूण स्पंदांची तुलना करायची असेल, तर त्या उपयोगी ठरतात. तराजूची पारडी पाहावीत तसे हे. २००२ साली जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यावर झालेल्या प्रयोगांत, पेशींना रोखून धरणाऱ्या संदेशांची अचूक वेळही यात महत्त्वाची असल्याचे दिसले.

कानाचा पडदा पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला आहे. तेव्हा एकाच प्रश्नाची दोन उत्तरे निघाली असतील, तर नवल नाही. रबरी नळी कानाशी धरलेल्या मुलाच्या डोक्यात रांग आहे की तराजू, यावर संशोधकांचा वाद चालूच आहे. सध्या तरी पारडे तराजूकडे झुकलेले दिसते.