मापून मंद केलेला प्रकाश

अलिबागेजवळ, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरीचा किल्ला समुद्रांत उभा आहे. शिवाजीमहाराजांनीं त्याची तटबंदी १६७९ सालीं आरंभिली. दीपगृह तेथें पुष्कळ मागाहून, १८६७ सालीं उभें राहिलें. आतां त्यास कान्होजी आंग्रे यांचें नांव आहे. श्रोतेहो, निरभ्र रात्रीं असा दिवा दुरून ठळक दिसतो, आणि हवा धुकट झाली कीं त्याच अंतरावरून ओळखूं येईनासा होतो. मधली हवा प्रकाश गिळते. तेव्हां दिव्याची परीक्षा स्वच्छ रात्रीं घेऊन भागत नाहीं. वाटेंत किती प्रकाश गेला तरी चालेल, हें ठाऊक असावें लागतें.

या प्रश्नास मापाची शिस्त लाविली ती पिएर बूगे या फ्रेंच पंडितानें. तो स्वतः बंदरगांवचा, नौकानयनशास्त्राचा शिक्षक. दोन उजेड सारखे आहेत कीं नाहींत एवढेंच डोळा सांगूं शकतो, एक दुसऱ्याच्या किती पट आहे तें सांगूं शकत नाहीं, हें त्यानें ओळखलें. म्हणून तो मेणबत्ती मागें सरकवी आणि तिचा उजेड दुसऱ्याच्या बरोबरीस आणी. अंतरावरून प्रमाण निघे. सारख्या जाडीचा प्रत्येक थर प्रकाशाचा सारखाच हिस्सा खातो, हा नियमही त्याच्या १७२९ च्या ग्रंथांत आहे.

हाच नियम कांचेच्या तंतूस लागू पडतो. १९६६ सालीं चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनीं दाखविलें कीं, किलोमीटरमागें घट वीस डेसिबेलपर्यंत आणली, म्हणजे शंभरांतला एक हिस्सा जरी पलीकडे पोंचला, तरी तंतूंतून संदेश धाडणें व्यवहार्य होईल. १९७० मध्यें अमेरिकेंत कॉर्निंगच्या शास्त्रज्ञांनीं ती मर्यादा ओलांडली. आपल्याकडे दूरध्वनिकेंद्रें जोडणारी पहिली स्थानिक तंतुवाहिनी १९७९ सालीं पुण्यांत सुरू झाली. आजच्या उत्तम तंतूंत घट किलोमीटरमागें सुमारें ०.२ डेसिबेल, पन्नास किलोमीटरांअंतीं एकदशांश प्रकाश उरतो.

परंतु प्रत्येक यंत्राच्या परीक्षेस पन्नास किलोमीटर तंतु कोण अंथरणार? तेथें बूगेच्या मेणबत्तीचें काम ‘ॲटेन्युएटर’ करतो. मीं त्यास प्रकाशमंदक म्हणतों. कांहींत दोन तंतूंच्या टोंकांमधल्या प्रकाशांत एक पातें हळूहळू सरकतें, कांहींत धातूचा मुलामा क्रमाक्रमानें दाट होत गेलेली कांचेची चकती फिरते. मंदता वाढवीत जावें. संदेशांत ठरलेल्या मर्यादेबाहेर चुका दिसूं लागल्या कीं थांबून आंकडा टिपावा. उलट दूरच्या वाटेसाठीं घडविलेलें ग्राहक यंत्र जवळच्या प्रखर प्रकाशानें दिपून जातें, तेव्हांही हाच मंदक उपयोगी पडतो. मात्र तो लांब तंतूचा पुरता प्रतिनिधि नव्हे. लांबच्या वाटेनें प्रकाशाचे ठोके पसरतात, आणि तो दोष येथें दिसत नाहीं.

टिपलेल्या आंकड्यांतून वाटेची खरी घट वजा केली कीं उरते ती शिल्लक. रस्ता खणतांना तंतु तुटतो, त्यास सांधा घालावा लागतो, आणि प्रत्येक सांधा थोडासा प्रकाश खातो. तो खर्च या शिल्लकेंतूनच भागवावयाचा असतो.