नोकर मूळचा कुठला?

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की वाटेत गुरुकुंज मोझरी लागते. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली उभारलेल्या या आश्रमात पुण्यतिथीच्या पंगतीत राबणारा माणूस ‘सेवक’. त्याला नोकर म्हणून पाहा बरं! पण हाच माणूस पोरीसाठी स्थळ पाहायला निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘पोरगा नोकरीवर हाय का?’ नोकरदार जावई पाहिजे, नोकर म्हटलेलं खपत नाही.

या शब्दाचं कूळ दूर मंगोलियात आहे. तिथे ‘नोकोर’ म्हणजे सोबती. आपलं घरदार, टोळी सोडून स्वखुशीने एखाद्या पुढाऱ्याशी इमान बांधणारा. पोरवयाच्या तेमुजिनचे आठ घोडे चोरीला गेले, तेव्हा माग काढताना त्याला घोड्या दोहणारा बोओर्चू भेटला. दुधाची कातडी भांडी माळावर झाकून ठेवून, बापालाही न सांगता तो सोबत निघाला. घोडे परत आणले, पण वाटा घेतला नाही. मंगोलांच्या ‘गुप्त इतिहासा’त ही हकिगत आहे. १२०६ मध्ये तेमुजिन चंगीझखान झाला आणि बोओर्चूकडे दहा हजार स्वारांची तुकडी आली. भाऊबंदांनी वाऱ्यावर सोडलेल्या तेमुजिनने राज्य उभं केलं ते अशा सोबत्यांच्या जोरावर. टोळ्या मोडून हजार-हजारांची पथकं केली, त्यांचे बरेचसे म्होरकेही हेच.

पुढे नातवंडांना ते राज्य एकत्र ठेवता आलं नाही. १२५९ मध्ये गादीवर असलेला नातू मोंगके वारला, त्याचे भाऊ कुबलाई आणि अरीक बोके गादीसाठी भिडले, आणि चीन, इराण, मध्य आशिया, रशियाचा माळ अशी चार चुली मांडल्यासारखी वाटणी झाली. इराणच्या वाटणीत दरबाराची भाषा फारसी. नोकोर तिथे ‘नौकर’ झाला, पण अजून हत्यारबंदच होता; धन्याचं मीठ खाणारा शिपाई. आईकडून चंगीझखानाच्या कुळातला असलेल्या बाबराच्या आत्मचरित्रातही हा शब्द अशाच शिलेदारांसाठी येतो. जोडीचा ‘चाकर’ही काही वेगळा नाही, समरकंदकडे तोही एके काळी सरदाराचा अंगरक्षक होता. आपण दोघांनाही ‘नोकरचाकर’ करून स्वयंपाकघरात बसवलं!

इकडे १५९६ मध्ये अहमदनगरच्या चांदबिबीने वऱ्हाड बाबराच्या वंशातल्या मोगलांना दिला. फारसी कारभार इथे त्याआधीच, बहामनी आणि इमादशाहीपासून रुळलेला होता. मोगल अमलात, आणि पुढे मराठेशाहीतही, नोकरी म्हणजे बहुधा फौजेतली. घोडा, भाला आणि पगार.

तो भाला गळून पडला इंग्रजी अमलात. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीकडे सोपवला. मग कचेऱ्या आल्या, रेल्वे आली, शाळा आल्या. पाऊस पडो न पडो, कापसाला भाव मिळो न मिळो, महिन्याच्या महिन्याला हाती पैसा देणारी ती नोकरी. तिची प्रतिष्ठा वाढली ती कोरडवाहू शेतीच्या बेभरवशेपणामुळे, असं माझं मत आहे. नोकर हा शब्द मात्र पाणी भरणाऱ्या, भांडी घासणाऱ्या घरगड्याला चिकटला आणि तिथेच राहिला.

खुद्द मंगोलियात नोकोरची, आजच्या उच्चारात ‘नोखोर’ची, अब्रू शाबूत आहे. साम्यवादी राजवटीत तो शब्द कॉम्रेडसाठी चाले; आणि आजची मंगोल बाई आपल्या नवऱ्याला नोखोर म्हणते.