पेटीतले दलाल

परवा दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरून बाबांची पत्र्याची पेटी खाली काढली. उघडली तर आत 'दीपावली'चे जुने अंक. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण मुखपृष्ठावरची दलालांची बाई अजून तशीच टवटवीत! आवरणं राहिलं बाजूला, तासभर तिथंच फतकल मारून बसलो. शेवटी खालून आईचा आवाज आला, "काहून रे, झोपला का वर?"

झोपलो नव्हतो, हिशेब करत होतो.

गेली पंधरा वर्षं मी खामगावात बसून पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी चित्रं काढतो. दिवाळी अंकांच्या दिवसांत जेवायला सवड नसते आणि मग फेब्रुवारी ते मे फोन वाजत नाही. यंदा तर एका प्रकाशकानं (नाव नको) बावीस चित्रं घेतली, पुस्तक छापून बाजारात आणलं आणि पैशाचं विचारलं की "पुढच्या महिन्यात बघू." आई रोज एकच विचारते, "पैसे कवा देतीन रे थे लोकं?" माझ्याकडे उत्तर नसतं.

म्हणून पेटीसमोर बसल्यावर मनात आलं, या मोठ्या माणसांचं घर कसं चालत असेल?

धुरंधरांपासून सुरुवात करू. महादेव विश्वनाथ धुरंधर (1867–1944). रॉथफेल्डच्या 'विमेन ऑफ इंडिया'तली (1920) त्यांची चित्रं आजही बघत राहावीत अशी आहेत. पण धुरंधरांना जे. जे. स्कूलचा पगार होता. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'! पुढे वसंत सरवट्यांचंही तसंच. रेषा अशी की पु. लं.ची पुस्तकं तिच्याशिवाय आठवत नाहीत, आणि पोटासाठी सिमेंट कंपनीत इंजिनिअरची नोकरी. म्हणजे महिन्याचा पगार ठरलेला आणि चित्रं त्याच्या आधारानं.

निव्वळ चित्रांवर जगले ते दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दोघेही गोव्याचे, दोघेही मुंबईत आले. काळही त्यांना साथ देणारा होता. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला आणि दरवर्षी चित्रं लागणारा एक बाजारच उभा राहिला. त्या काळी चित्र छापायचं तर जस्ताचा ब्लॉक करावा लागे. रेषेचा ब्लॉक स्वस्त, रंगीत महाग. म्हणून आत काळी रेषा आणि रंगाची सगळी चैन मुखपृष्ठावर. दलालांची ती लवलवती रेषा मला फार आवडते, पण ती छपाईच्या खर्चातूनही घडली असणार, असं आता वाटतं.

पण खरी गंमत पुढे आहे. दलालांनी 1945 मध्ये स्वतःच 'दीपावली' काढला. मुळगावकरांनीही 'रत्नप्रभा' काढला. का? माझा अंदाज असा, की दुसऱ्याच्या पानावर चित्रकार कायम पाहुणा असतो. पान आपलं असलं तर चित्र आपलं आणि नावही आपलं.

कायद्यातही हेच दिसतं. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं 17वं कलम बघा. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सांगणारा! 57वं कलम मात्र चित्र आपलंच आहे असं सांगायचा हक्क चित्रकाराकडे ठेवतं. हे मला बावीस चित्रं दिल्यावर कळलं.

शेगाव इथून जवळच. तिथं देवळाबाहेरच्या दुकानांत महाराजांचे फोटो, कॅलेंडरं टांगलेली असतात. बहुतेकांवर चित्रकाराचं नाव नसतं. मुळगावकरांची देवादिकांची चित्रं घराघरांत गेली, पण त्यांच्या सहीसकट. सही हीच त्यांची पेन्शन म्हणा ना!

तरी त्यांचं सगळं सोपं होतं असं नाही. दलाल 1971 मध्ये वयाच्या 54व्या वर्षी गेले, मुळगावकर 1976 मध्ये 57व्या. सतत काम करणाऱ्या माणसांना म्हातारपण मिळालंच नाही, हा हिशेब पेटीतल्या अंकांत कुठं दिसत नाही.

आता तर संगणकच चित्रं काढून देतो. परवा एकानं फोनवर सरळ सांगितलं, "यंदा तुमची गरज नाही, मशीननं करून घेतलं." वाईट वाटलं. मग आठवलं, ब्लॉक गेले, ऑफसेट आलं, कॅलेंडरांचे दिवस ओसरले. प्रत्येक वेळी कुणीतरी असाच फोन ठेवला असेल.

मी ठरवलंय. निम्मे पैसे आधी, करार लेखी आणि नाव छापायचंच. शिवाय यंदा स्वतःचं छोटं कॅलेंडर काढतोय, लोणार सरोवराच्या बारा चित्रांचं. छपाईचे पैसे कमी पडत होते. आईनं भिशीची रक्कम पुढे ठेवली आणि म्हणाली, "हे मात्र परत दे, अन् पुढच्या महिन्यात नको."

असो. पेटी माळ्यावर परत ठेवली नाही. टेबलाशेजारी ठेवलीय.