आगोटीनंतरचे आरमार

इतिहास लिहिणारांची एक खोड अशी की, लढाईच्या एका दिवसास ते पानेच्या पाने देतात आणि दोन लढायांमधील महिन्यांना ओळही देत नाहीत. मराठी राज्यात तर पावसाळ्याचे चार महिने मोहिमा बहुधा बंदच असत. दसऱ्याचे शिलंगण झाले की फौज बाहेर पडे, आणि आगोट लागली की गलबते खाडीत विसावत. मांडव्याच्या किनाऱ्यावरून पलीकडे मुंबईकडे पाहताना आम्हांस वाटते की, या समुद्राचा अर्धा इतिहास या रिकाम्या महिन्यांतच घडला.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात या छावणीची तरतूद किती बारकाईने केली आहे! जहाजे उघड्या किनाऱ्यावर न ठेवता किल्ल्याच्या आश्रयाने खाडीत ठेवावीत. शिवाय छावणीचे बंदर दरसाल बदलावे, कारण आरमारी माणसे कितीही आवरली तरी रयतेस त्यांचा उपद्रव होतोच. लाकूड तोडतानाही आंबा-फणसास मालकाच्या राजीखुशीवाचून हात लावू नये. ज्याला रिकाम्या शिपायाचे भय कळले, त्याला राज्य कळले, असे आम्ही म्हणू.

याउलट सिद्दीचे आरमार! ते पावसाळ्यात मुंबईस, माझगावच्या बाजूस, येऊन राही. इंग्रजांना हा पाहुणा नकोसा होता. पण त्याच्या पाठीशी मोगल बादशहा, तेव्हा नाही म्हणण्याची सोय नव्हती. १६७८ साली हे आरमार तेथेच जाळण्याचा बेत शिवाजी महाराजांच्या दर्यासारंगांनी केला. तो साधला नाही.

पुढच्याच वर्षी महाराजांनी निराळा उपाय योजला. १६७९ साली, पावसाळा पुरता सरण्यापूर्वीच, मायनाक भंडाऱ्याने थळसमोरील खांदेरी बेटावर तटबंदीचे काम आरंभिले. इंग्रजांची जहाजे धावून आली. १८ ऑक्टोबरला झुंज होऊन त्यांची ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. ही झुंज सर्वांस ठाऊक असते. परंतु जी वेळ दुसऱ्यांनी विश्रांतीची मानली, तीच बांधकामास निवडली गेली, याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. पुढे १६८० च्या जानेवारीत सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, हा भाग वेगळा.

मांडव्यास आता २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोठी रो-रो बोट येते. गेटवेवरून सुटणाऱ्या लाँची मात्र आगोटीबरोबर अजूनही थांबतात, आणि किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांच्या आडोशाला कोळी जाळी नीट करीत बसतात.