ओझे वर, ओझे खाली

१९५३ साली तेनसिंग आणि हिलरी सगरमाथ्याच्या माथ्यावर पोचले, ही हकीकत शाळेतल्या पोरालाही पाठ असते. त्या मोहिमेचे सामान साडेतीनशेहून अधिक हमालांनी पाठीवर वाहिले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कोणताही पराक्रम ऐकला की ओझे कोणी उचलले, हे आधी विचारतो. खोड म्हणा हवी तर!

वर गेलेले ओझे खाली कोणी आणले? बराच काळ कोणीच नाही. प्राणवायूच्या नळ्या, फाटके तंबू, डबे, सारे बर्फातच राहिले. १९७६ मध्ये नेपाळने तेथे राष्ट्रीय उद्यान केले. पण पाटी लावल्याने उकिरडा हटत नाही. १९९१ मध्ये स्थानिक शेर्पांनी सगरमाथा प्रदूषण नियंत्रण समिती काढली, तेव्हा कोठे कामाला हात लागला. १९९८ पासून खुंबूत काचेच्या बाटल्यांना बंदी झाली.

खरा पेच मैल्याचा. आपल्याकडे खड्ड्यात टाकलेला मैला जंतू कुजवतात, त्याची माती होते. पाच हजार मीटरांवरच्या थंडीत जंतूंचेच हातपाय गारठतात. मैला वर्षानुवर्षे तसाच राहतो, आणि बर्फ वितळले की पाण्याला लागतो. पायथ्याची छावणी हलत्या हिमनदीवर आहे. तेथे शौचकूप खणण्याची सोयच नाही. म्हणून विष्ठा पिंपांत भरून, हमालांच्या पाठीवरून गोरक शेपकडे नेऊन खड्ड्यांत ओतली जाई. मुंबईत डोक्यावरून मैला वाहणारी माणसे ज्यांनी पाहिली, त्यांना हे दृश्य वेगळे समजावून सांगायला नको.

२०१४ मध्ये कायदा आला: प्रत्येक गिर्यारोहकाने ८ किलो कचरा खाली आणावा, नाहीतर तुकडीची ४,००० डॉलर अनामत बुडेल. कायदा छान, पण पळवाटही तशीच. खालच्या छावण्यांतला कचरा दाखवून अनामत सोडवली जाई, वरचा वरच राही. त्याच वर्षी १८ एप्रिलला हिमप्रपातात १६ नेपाळी कामगार मेले. मेले ते वाट तयार करणारे आणि ओझी वाहणारे. परदेशी गिर्यारोहक त्यांत एकही नव्हता.

२०१९ च्या मोहिमेत सुमारे ११ टन कचरा उतरवला. त्याबरोबर ४ प्रेतेही निघाली. २०२४ पासून स्थानिक पालिकेने प्रत्येकाने आपली विष्ठा पिशवीत खाली आणावी असा नियम केला. नियमात ‘प्रत्येकाने’ हा शब्द आहे. पिशवी कोणाच्या पाठीवर येते, हे आम्ही तेथल्या हमालांनाच विचारू.